दुबईचे तिकीट आणि आईची दुपारची गोळी

गेल्या डिसेंबरात आई पहिल्यांदाच एकटी दुबईला, माझ्या बहिणीकडे गेली. निघण्याच्या दोन दिवस आधी तिने तिकिटाच्या छापील प्रतीमागे निळ्या पेनाने हिशेब मांडला होता. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दुपारी १.१० ला निघून ३ वाजता दुबई, म्हणजे एक तास पन्नास मिनिटे. परतीचे विमान रात्री ९.५० ला सुटून २.३५ ला मोपाला, म्हणजे पावणेपाच तास. "येताना विमान लांबच्या वाटेने येतं काय रे?" असे तिने मला विचारले.

तिची शंका रास्त होती. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाची असते आणि दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे चालते. त्यामुळे जातानाच्या हिशेबात दीड तास मिळवायचा आणि येतानाच्या हिशेबातून वजा करायचा. मग दोन्हीकडचा प्रवास सव्वातीन तासांच्या आसपास येतो.

मला काळजी वेगळीच होती. आईला मधुमेह आहे आणि दोनच तासांचा प्रवास समजून तिने दुपारची गोळी व जेवण ताईकडे पोहोचल्यावरच घ्यायचे ठरवले होते. दुबईत ३ वाजतात तेव्हा इथे गोव्यात, आमच्या डिचोलीत, साडेचार झालेले असतात. त्यापुढे पासपोर्टची रांग, सामान आणि घरापर्यंतचा रस्ता धरला, तर सकाळी नऊच्या न्याहारीनंतर तिच्या पोटात थेट संध्याकाळी सहाला घास गेला असता. म्हणून चपाती-भाजीचा लहान डबा आणि गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवल्या.

अंतर तसे फार नाही. गोवा ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,५०० किलोमीटर आहे, तर दुबई सुमारे २,२०० किलोमीटरवर आहे आणि त्यातला बहुतेक भाग अरबी समुद्र आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने ते अडीच तासांहून थोड्या अधिक वेळात कापता येईल. पण धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी वाट पाहणे हे सारे वेळापत्रकात धरलेले असते. शिवाय हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेचे वारे वाहतात, ते जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात. पावसाळ्यात जमिनीलगत नैऋत्येचा वारा असला, तरी आपल्या माथ्यावर फार उंचावर तो पूर्वेकडून वाहतो, हे मला फार विलक्षण वाटते.

गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, म्हणून तिकीट काढताना विमानतळही नीट पाहावा. दाबोळीचे सांकेतिक अक्षर जीओआय, मोपाचे जीओएक्स.

परतीच्या तिकिटावर निघण्याची तारीख १९ होती आणि पोहोचण्याची २०. भावाने २० च्या रात्रीसाठी गाडी सांगून ठेवली होती. ती बदलून १९ ची रात्र सरता सरता, दीड वाजता, आम्ही डिचोलीहून निघालो.