सुवर्णदुर्गाला जाताय? भाव नंतर, तिथी आधी विचारा

"पाय भिजतील एवढंच," असं हर्णैच्या किनाऱ्यावर, समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर नेणारा होडीवाला म्हणाला होता. भिजलो छातीपर्यंत. माझा मोबाइल गेला, भाच्याची लेन्स गेली, आणि बायकोने सकाळी उठून केलेल्या घावनांच्या डब्यात समुद्र शिरला. तळव्याला पट्टी बांधून हे लिहितोय, त्यामुळे सूर थोडा तिरसट लागला तर समजून घ्या.

ही सहल मुळात ग्रीसची. भाच्याने क्रीट बेटाची वर्षभर तयारी केली होती, कुठल्या बंदरातून कुठली बोट किती वाजता सुटते याचं एक्सेलच होतं. व्हिसाची तारीख मिळेना, तेव्हा त्याच एक्सेलमधली गावं पुसून त्याने हर्णै, आंजर्लं, केळशी भरलं. घोळ तिथेच झाला. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती. जिब्राल्टरच्या चिंचोळ्या तोंडातून महासागराची भरती फारशी आत येतच नाही, बहुतेक किनाऱ्यांवर पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं. तिथे घड्याळ बघून निघता येतं. आपल्याकडे उधाणाला पुरुषभर पाणी चढतं आणि उतरतं. माझा जन्म महाराष्ट्रातला, मला हे कळायला हवं होतं. नाही कळलं.

जाण्याचा रस्ता: पुणे, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. बागमांडल्याला जंगल जेट्टीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवायची, बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरवायची, मंडणगडकडून येणारा मोठा वळसा वाचतो. केळशी छान. कड्यावरचा गणपती छान. दोन दिवस मजेत गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता किल्ला. बुद्धपौर्णिमेला जोडून सुट्टी काढली होती आणि किल्ला ठेवला तिसऱ्या दिवशी, म्हणजे वद्य द्वितीयेला. अकराला किनाऱ्यावर पोहोचलो. "माणशी दोनशे, बारा माणसं झाली की निघू." आम्ही चौघे. दीड तास उन्हात उभे. शेवटी, "पूर्ण होडीचे अडीच हजार द्या, आत्ता सोडतो." दिले. आम्ही बसल्यावर आणखी सात जण चढले. का, असं विचारलं तर म्हणे, "जागा रिकामीच होती ना, दादा." येताना थांबण्याचे वेगळे पाचशे. घासाघीस करायचीच असेल तर जायचे, थांबायचे आणि यायचे मिळून एकच आकडा ठरवा, होडीत कोण बसणार तेही ठरवा आणि पैसे परत आल्यावर द्या. आम्ही आधी दिले, हा आमचा गाढवपणा.

पैशाचं सोडा, खरा त्रास उतरताना. हर्णैला चढणं सोपं गेलं, भरतीमुळे होडी वाळूला टेकली होती. आम्हाला वाटलं पलीकडेही तसंच असेल. बेटावर महादरवाज्याच्या बाजूला वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पाणी ओसरलेलं असेल तर माणूस तिथे खरंच घोटाभर पाण्यात उतरतो. आम्ही गेलो तेव्हा ती पट्टी अख्खी पाण्याखाली, आणि बेटाला वळसा घालून येणारी लाट होडीला खडकाकडे ढकलत होती. "लाट गेली की उडी मारा." मारली. पायाखाली वाळू नव्हती, खडक होता आणि त्याला कालवं चिकटलेली. हवाई चपलेचा अंगठा तुटला, ती वाहून गेली, पुढची पाच पावलं अनवाणी टाकली. कालवाची धार ब्लेडसारखी असते. कापलं ते आधी कळलंच नाही, पायरीवर लाल ठसे उमटले तेव्हा खाली बघितलं.

त्या दरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि शेजारच्या तटात मारुती. दोन्ही मी निवांत बघितली, कारण कासवाशेजारी बसूनच रुमाल बांधत होतो. दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, बांधणाऱ्याला सलाम. आत काटेरी झुडपं, पडके चौथरे, डोक्यावर ऊन. १७५५ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून तोफा डागून हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तो एवढ्या जवळ आला तरी कसा, हे मला अजून कळत नाही, आम्हाला तर इथल्याच माणसाबरोबर येऊन धड उतरता आलं नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या १२ किल्ल्यांपैकी हा एक, पण आम्हाला आत ना प्यायला पाणी मिळालं ना टेकायला आडोसा. माणशी दोन लिटर पाणी न्या. टोपी सांगत नाही, तेवढं तुम्हाला कळतं.

परतताना कमरेएवढ्या पाण्यातून होडीत चढलो, आणि हर्णैला पाणी मागे गेल्यामुळे होडी लांबच थांबली. मग चिखल, दोरखंड, माशांची खवलं. लिलावाची वेळ होती. मचव्यांवरची मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात उभ्या, बैलांच्या पोटाला लाटा लागतायत. आदल्या संध्याकाळी याच बैलगाड्यांचे आम्ही हौसेने फोटो काढले होते. त्या पाण्यात का उतरतात, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझा पाय बघून एक मावशी म्हणाल्या, "आज बीज. दीडला भरती. भरतीला कोन जातो रे किल्ल्यावर?" मग टोपली डोक्यावर घेता घेता त्यांनी हिशोब सांगितला, तो लिहून घ्या. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड. अष्टमी, म्हणजे सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. दोन्ही पक्षांना हाच हिशोब, थोडं मागेपुढे होतं.

म्हणजे पंचमी ते अष्टमी बघून जा. ओहोटी दहा ते सव्वाबाराच्या दरम्यान येते, शिवाय भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस असल्याने समुद्राला जोर कमी. किनाऱ्यावर नऊला हजर राहा, कारण मे महिन्यात दुपारनंतर वारा चढतो. हर्णैच्या बाजूला चिखल तुडवावा लागेल, तो तुडवा. दोन्हीकडे सोयीचं पाणी एकाच वेळी मिळत नाही. पौर्णिमा-अमावस्येला आणि पुढचे दोन-तीन दिवस भर दुपारी जाऊ नका, कोणी कितीही स्वस्तात नेत असला तरी. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर प्रवासी होड्या बंदच असतात.

पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत. फोन प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, डबा गाडीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हर्णैच्या किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर, दीपगृहापाशी उभं राहून सुवर्णदुर्ग बघावा. तिथून तो सुरेख दिसतो आणि कपडे कोरडे राहतात. माझ्या सासूबाईंनी तेच केलं, आणि त्या दिवशी शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

आणि कालवाने कापलं तर घरगुती हळदीवर भागवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी मी त्याच संध्याकाळी दापोलीला गेलो, ओल्या कपड्यांत.