इम्प्लांट, लिफ्ट की दोन्ही? माझं उत्तर कसं ठरलं

मुलं झोपल्यावर मोबाइलवर गुपचूप ‘ब्रेस्ट लिफ्ट’ (ओघळलेली छाती वर घेण्याचं ऑपरेशन) शोधणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे. मीही तेच करत होते. मराठीत जाहिराती सोडून हाताला फारसं काही लागलं नाही, आणि जाहिरातीत प्रत्येक बाईला शेवटी तेच आणि तेवढंच हवं असतं.

मी 41 वर्षांची, नाशिकला बँकेत नोकरी करते. दोन मुलं, दोघांनाही अंगावर पाजलं. धाकटा शाळेत जायला लागल्यावर शुगर बॉर्डरवर निघाली, म्हणून गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज चालायला लागले. सोळा किलो वजन उतरलं. पोट गेलं, गुडघे सुधारले आणि छाती ओघळली. कातडी होती तेवढीच राहिली, आतला भरीवपणा गेला. उन्हाळ्यात खालच्या घडीत घाम साठून चट्टे उठायचे. ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा आमच्या शिवणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, “वहिनी, टक्स दोन बोटं खाली घ्यावे लागतील.” त्या काही वाईट बोलल्या नव्हत्या, पण मला ते लागलं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आता या वयात कुणाला दाखवायचंय गं?” कुणालाच नाही. स्वतःच्या शरीराकडे पाहून बरं वाटावं, एवढी इच्छा पुरेशी आहे असं मी मानते. ती इच्छा सिद्ध करायला कुठल्याही बाईला नवऱ्याची नाराजी किंवा पाठदुखी पुढे करावी लागू नये.

नात्यातल्या बायकांचं एक वाक्य मात्र मला इथे खोडायचंच आहे: “अंगावर पाजलंस ना, म्हणून असं झालं.” अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी 2008 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय, गरोदरपणांची संख्या, वजन, धूम्रपान आणि मुळात मोठी असलेली छाती यांचा ओघळण्याशी संबंध दिसला. अंगावर पाजण्याचा दिसला नाही. दिवस गेल्यावर स्तन वाढतात, नंतर आटतात, आणि त्या ताणाने कातडी आणि आतले आधाराचे तंतू सैल होतात. बाळाला दूध पाजा अगर न पाजा, ते होतच असतं. नात्यातल्या बायकांचं ते वाक्य ऐकून एखादी नवी आई पाजायला कचरत असेल तर तिला कुणीतरी हे नीट सांगायला हवं.

पहिल्यांदा मुंबईला एका क्लिनिकमध्ये गेले. तिथे कॉम्प्युटरवर माझा फोटो फुगवून दाखवला, ब्रामध्ये नमुन्याच्या पिशव्या घालून पाहायला लावलं आणि दोन्ही करा म्हणून सांगितलं: लिफ्ट, आणि सोबत प्रत्येक बाजूला 275 सीसीचं इम्प्लांट, म्हणजे भर आणायला स्तनाच्या आत बसवायची पिशवी. मी ओघळलेलं वर घ्यायला गेले होते. मोठं करायची गोष्ट मी काढलीच नव्हती.

घरी येऊन वाचत बसले तेव्हा टिमी जीन लिंडसे या बाईची हकीकत सापडली. 1962 मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला, क्रोनिन आणि गेरो या सर्जननी जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट तिला बसवलं. ती गेली होती छातीवरचं गोंदण काढायला. डॉक्टरांनी इम्प्लांटचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली की त्यापेक्षा माझे पुढे आलेले कान नीट करा. शेवटी तिचे कानही केले आणि इम्प्लांटही बसवलं. मला ती हकीकत कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

दुसरं मत नाशिकमध्येच घेतलं. हे सर्जन प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. (ही किंवा डीएनबीची पदवी आहे ना, हे आधी बघा. ‘कॉस्मेटिक स्पेशालिस्ट’ अशी पाटी कुणालाही लावता येते.) त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही, टेप काढली. गळ्याखालच्या खळगीपासून निपलपर्यंत 27 सेंटिमीटर भरलं. निपल खालच्या घडीच्या दोन सेंटिमीटर खाली, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचं ओघळणं. घडीच्या पातळीला असेल तर पहिली श्रेणी, आणि अगदी तळाशी जाऊन जमिनीकडे बघत असेल तर तिसरी. घरीसुद्धा आरशासमोर बाजूने उभं राहून घडीत एक बोट आडवं धरलं की अंदाज येतो.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यानेच माझा गुंता सुटला. “चांगली, आधार देणारी ब्रा घातल्यावर आकार आवडतो का?” मी म्हटलं, आवडतो. “मग तुमची तक्रार जागेची आहे, भरीवपणाची नाही.” ब्रा घालूनही वरचा कप रिकामा राहत असेल, कापडाला सुरकुत्या पडत असतील, तर भरीवपणा कमी आहे आणि इम्प्लांटचा विचार करण्यात अर्थ आहे. निपल घडीच्या वर आहे आणि फक्त भर हवी आहे, तर नुसतं इम्प्लांटही पुरतं. पण निपल घडीच्या खाली गेलेलं असताना नुसतं इम्प्लांट बसवलं तर ते ओघळलेलं वर येत नाही. उलट वजन वाढतं आणि काही वर्षांत सैल कातडी आणखी खाली येऊ शकते.

दोन्ही एकदम करण्याबद्दल ते स्पष्ट बोलले. लिफ्टमध्ये कातडी कमी करून घट्ट करतात, आणि त्याच वेळी इम्प्लांट ती आतून ताणतं. एकाच बैठकीत दोन उलट्या दिशांची कामं, म्हणून पुन्हा दुरुस्तीची वेळ येण्याची शक्यता वेगवेगळ्या ऑपरेशनांपेक्षा जास्त. ओघळणं आणि रिकामेपण दोन्ही असलेल्या बायकांना ते करावंही लागतं, आणि चांगलं होतंही. काही सर्जन त्यातही आधी लिफ्ट करून काही महिन्यांनी इम्प्लांट बसवणं पसंत करतात.

माझ्या मावशीला 52 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) माझ्यासाठी गंभीर गोष्ट आहे. इम्प्लांटमुळे नेहमीचा स्तनाचा कॅन्सर वाढतो असं नाही. पण मॅमोग्राफीत इम्प्लांट मागे सरकवून जादा फिल्म घ्याव्या लागतात आणि काही भाग झाकलेला राहू शकतो. शिवाय इम्प्लांट आयुष्यभर टिकेल असं धरून चालत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2021 मध्ये ही गोष्ट ठळक इशाऱ्यात घालायला लावली. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फाटलं तर बऱ्याचदा बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तीच तपासणी करायला सांगतात. भोवती तयार होणारं आवरण आवळून स्तन कडक होऊ शकतो. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लिम्फोमा या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार जोडला गेला, आणि जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने तशी इम्प्लांट जगभरातून परत घेतली. इम्प्लांट बसवून समाधानी असलेली बाई मला माहीत आहे, तिने सगळं समजून ते घेतलं. मी मात्र 41 व्या वर्षी पुढच्या एक-दोन ऑपरेशनांची तजवीज करायला तयार नव्हते.

लिफ्टची किंमत व्रणांत मोजावी लागते. निपलभोवतीच्या गडद वर्तुळाला एक, तिथून खाली सरळ एक, आणि जास्त ओघळलेलं असेल तर घडीत आडवा तिसरा. माझे पहिले दोन आहेत. आपल्या कातडीवर व्रण जाड आणि काळे होण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी माझा सिझेरियनचा व्रण आणि दंडावरची लसीची खूणही पाहिली. दोन्ही सपाट होत्या. सिगारेटसोबत “मिश्री, तंबाखू?” हेही विचारलं, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जागा बदललेल्या निपलला रक्त कमी पडू शकतं. आपल्याकडे कितीतरी बायका मिश्री लावतात आणि ते व्यसनात धरतही नाहीत. डॉक्टरांपासून हे लपवू नका. आणखी मूल हवं असेल किंवा वजन अजून उतरत असेल तर थांबा, नाहीतर केलेलं वाया जातं. ऑपरेशननंतर दूध पाजता येईलच याची खात्रीही कुणी देत नाही.

पैसे सगळे खिशातून गेले. कॅन्सर, भाजणं किंवा अपघातानंतरची पुनर्रचना सोडली तर आरोग्य विमा असल्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. तामिळनाडू सरकारने 2018 मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू केल्या तेव्हा बरीच टीका झाली होती. मला तो निर्णय पटतो. घडीतले चट्टे आणि मनातला संकोच पैसेवाल्या बायकांनाच होतो असं थोडंच आहे?

मार्चअखेरीला बँकेत रजा मागायची सोय नाही, म्हणून ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. नाशिकच्या उन्हात ती घट्ट सर्जिकल ब्रा सहा आठवडे, रात्रंदिवस. शक्य असेल तर थंडीत करा, हे मी मनापासून सांगते. पहिला महिनाभर गॅसचा सिलिंडर हलवणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं बंद. सासूबाई काही न विचारता पोळ्या लाटत होत्या. त्यांनी तेव्हा जी साथ दिली ती मी विसरणार नाही.

आता निपल घडीच्या वर आहे, चट्टे उठत नाहीत, ब्लाउजचे टक्स पूर्वीच्या जागी आले. वरचा भाग अजूनही थोडा सपाट आहे. तो लिफ्टने भरत नाही हे आधी माहीत होतं, आणि मला तो चालतो. व्रण जांभळट आहेत, रोज सिलिकॉन जेल लावते. ते फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. उजव्या बाजूची संवेदना डावीपेक्षा कमी आहे.

ऑपरेशनआधी मॅमोग्राफी करून घेतली होती, पुढची लवकरच आहे. लिफ्टनंतर आतल्या टाक्यांच्या खुणा फिल्मवर दिसतात, म्हणून जुनी फिल्म सोबत नेणार आहे आणि ऑपरेशनची तारीख फॉर्मवर लिहिणार आहे. तुमची चाळिशी उलटली असेल तर तुम्हीही सर्जनकडे जाण्याआधी ही तपासणी करून घ्या, आणि रिपोर्ट जपून ठेवा.