सव्वाचार की पावणेअकरा

काल दुपारी सव्वाचारला लॅपटॉप उघडला तर कोपऱ्यात पावणेअकरा वाजलेले. गॅसवर चहा उकळत होता आणि खाली भंगारवाला ओरडत होता, म्हणजे सव्वाचारच. भंगारवाला चारच्या आत आमच्या गल्लीत कधी येत नाही, त्याचं घड्याळ माझ्या लॅपटॉपपेक्षा भरवशाचं आहे.

आधी वाटलं आतला तो बटणाएवढा सेल गेला. मग बोटं मोजली तर फरक बरोब्बर साडेपाच तासांचा, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. बिघडलेलं घड्याळ इतक्या शिस्तीत चुकत नाही हो. हे काहीतरी कुणीतरी ठरवून केलेलं होतं, आणि कुणी ते माझ्या लगेच लक्षात आलं.

गेल्या रविवारी भाचा आला होता पुण्याहून. माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा (आठव्या पिढीपासून पुढं विंडोज अकरा चालतं, म्हणजे एका पिढीनं हुकलं, नात्यांत होतं तसं) आणि विंडोज दहाचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलेला. चांगला धडधाकट लॅपटॉप, नुसता कुणीतरी तारीख ठरवली म्हणून टाकून द्यायचा हे काय मला पटेना. पण विंडोज पूर्ण काढूनही चालणार नाही, कारण माझं पोट डीटीपीवर. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, शाळांचे पेपर, वर्षश्राद्धाची कार्डं. ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं करते ते जुनं, त्याचे फाँट जुने, त्याला मागं डाँगल (म्हणजे त्याची किल्लीच) लावावं लागतं आणि ते विंडोजशिवाय कुणाशी बोलत नाही. भाचा म्हणला, "अगं मावशी, मग दोन्ही ठेवू की. विंडोज तुझ्या पत्रिकांपुरतं, त्याचं नेट बंद. शेजारी लिनक्स मिंट टाकतो, विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम, मेल, बँक, यूट्यूब सगळं तिकडं."

शेजारी. मला हा शब्द आवडला. म्हणलं टाक.

तर डिस्क एक टीबीची, निदान खोक्यावर तसं लिहिलं होतं, विंडोजनं मोजली तर ९३१ जीबी भरली. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज एक हजार चोवीसनं, त्यात ती घट येते. सातबाऱ्यावर एकर आणि मोजणीदार आला की सदतीस गुंठे, आपल्याला काय नवीन नाही. त्यातले पाचशेच्या वर मोकळे होते, पण विंडोजला म्हणलं आक्रस जरा, तर ते म्हणतं दोनशेच देईन. का, तर मधेच कुठंतरी त्याच्या अशा काही फाइली बसलेल्या असतात ज्या हलवता येत नाहीत, आणि त्यांच्या अलीकडं रेघ सरकत नाही. मग भाच्यानं हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल बंद केली, लॅपटॉप चार वेळा बंद चालू केला आणि कसंबसं साडेतीनशेपर्यंत आणलं. मी तोवर दुसऱ्यांदा भडंग परतलं.

इतकं झाल्यावर त्यानं माउस माझ्या हातात दिला. पडद्यावर एक आडवा पट्टा, त्यावर मिंटला किती ते ठरवायचं. "तू ओढ मावशी, तुझी डिस्क आहे." आणि माझा हात थांबला. उगाच. पाच-दहा सेकंद असेल.

आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात पार्टिशन पडलं तेव्हा मी तिसरीत होते. अण्णा आणि तात्या, म्हणजे माझे वडील आणि धाकटे काका, भांडले वगैरे नाहीत. भांडले असते तर आम्हा पोरांना काहीतरी कळलं तरी असतं. एका रविवारी नुसता सुतार आला. त्यानं सुतळी गेरूत बुडवली, एक टोक तात्यांनी धरलं, एक अण्णांनी, दोघांनी ताणली, आणि सुतारानं मधे चिमटीत धरून वर उचलून टण्कन सोडली. शहाबादी फरशीवर सरळ लाल रेघ. मला ते इतकं आवडलं की मी म्हणलं, अजून एकदा करा. कुणी हसलं नाही.

रेघ सरळ आली खरी पण शेवटी अडली, कारण तिथं आजोबांचं सागवानी कपाट. ते खोलीतच बनवलेलं, दारातून बाहेर निघायचंच नाही. दोन तास सगळ्यांनी जोर लावला, एक पाय चिरला त्याचा, कपाट होतं तिथंच. शेवटी रेघेनंच वळण घेतलं. कपाटाचं तोंड तात्यांकडं गेलं आणि आमच्या बाजूला आली त्याची पाठ. पुढची कितीतरी वर्षं त्या पाठीवर आमचं दूधवाल्याचं कॅलेंडर होतं.

प्लायचे तक्ते आठ बाय चारचे येतात. खोलीची उंची अकरा फूट. म्हणजे वर तीन फूट मोकळंच राहिलं, आणि वर अजून एक पट्टी मारायला पाहिजे होती, ती मारू मारू म्हणत कधीच मारली नाही. त्या तीन फुटांतून काय काय यायचं. तिकडची लसणाची फोडणी, तात्यांचं खोकणं, आमच्या चुलतबहिणीनं रबर बांधून टाकलेल्या चिठ्ठ्या, एकदा तर अख्खा बेसनाचा लाडू, जो माझ्या कपाळावर फुटला. आणि त्या मोकळ्या जागेत, मधल्या तुळईवर, घड्याळ.

लंबकाचं घड्याळ. ते कुणाच्या वाट्याला आलं हे कागदावर लिहायचंच राहिलं होतं. तुळई सामाईक, म्हणून घड्याळ सामाईक, तोंड मात्र तिरकं, त्यामुळं दोन्हीकडून मान वाकडी करून दिसायचं. तात्या मिरजेला नोकरीला, बस चुकायला नको म्हणून ते रात्री स्टुलावर चढून काटा दहा मिनिटं पुढं करायचे. अण्णा सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आपल्या बाजूनं स्टूल लावून काटा दहा मिनिटं मागं. अण्णांचं म्हणणं घड्याळात खरी वेळ पाहिजे, लवकर निघायचं तर माणसानं निघावं. तात्यांचं म्हणणं घड्याळात आपल्या सोयीची वेळ पाहिजे, नाहीतर ते भिंतीवर कशाला. हे ते एकमेकांशी कधी बोलले नाहीत. काटाच काय ते बोलायचा. आम्ही पोरं कधी शाळेत लवकर पोचून फाटकाशी उभी, कधी उशिरा पोचून वर्गाबाहेर. आजी दोन्हीकडं महिना महिना जेवायची आणि घड्याळाकडं बघायचीच नाही, तिला अंगणातल्या पायरीवर ऊन आलं की दुपार.

तर आता कालची गंमत ऐका. लॅपटॉपमधे दोन सिस्टिम असल्या तरी आतलं घड्याळ एकच असतं, तो सेल असतो ना, त्याच्यावर चालणारं. विंडोजला वाटतं त्या घड्याळात स्थानिक वेळ असते, आपली भारतातली, भिंतीवरची. लिनक्सला वाटतं तिथं जागतिक वेळ असते आणि गावोगावच्या माणसानं आपापलं त्यात मिळवून घ्यावं, आपण साडेपाच तास मिळवायचे. मिंट चालू झालं, त्यानं नेटवरनं खरी वेळ घेतली आणि घड्याळात आपल्या पद्धतीनं लिहून ठेवली. मग मी विंडोज उघडलं, त्याचं नेट बंद, त्याला विचारायला कुणी नाही, त्यानं काटा जिथं होता तिथं वाचला. पावणेअकरा.

म्हणजे जागेवरून काही नाही. जागा सुरळीत वाटून घेतली दोघांनी. वाजलं ते घड्याळावरून.

मी हे भाच्याला फोनवर सांगायला गेले, तो म्हणला अगं हो, ते होतंच, एक कमांड पाठवतो, लिनक्सला सांगायचं की तू पण स्थानिक वेळ धर. म्हणलं त्यालाच का सांगायचं? तर म्हणे तो ऐकतो, विंडोजला ऐकायला लावायचं तर रजिस्ट्रीत, त्याच्या पोटातल्या सेटिंगांत, शिरावं लागतं. घ्या. ऐकणाऱ्यालाच सांगायचं.

तसं म्हणाल तर आमचं गावच वाटणीतलं. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या गंगाधररावांपासून वेगळे झाले आणि सांगलीचं संस्थान उभं राहिलं. गंगाधरराव त्यांचे काकाच. तिकडं मिरजेचेही पुढं १८२० मधे चार वाटे पडले, त्यातले दोन वारस नाही म्हणून गेले आणि राहिल्या थोरली पाती नि धाकटी पाती, धाकटीचं ठाणं बुधगाव. (जुन्या पद्धतीच्या डिस्कचेही जास्तीत जास्त चारच प्रायमरी भाग पडायचे. हे मी भाच्याला सांगितलं, तो म्हणला मावशी तू कायपण जोडतेस.) मग १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका केली, सगळे भाग परत एक. पण अजून मिरजेचा माणूस निघताना "सांगलीला जाऊन येतो" असंच म्हणतो, जसं काय सीमा ओलांडायचीय.

मुंबईनं तर १९५५ पर्यंत स्वतःची वेळ वेगळी ठेवली होती, देशाच्या ३९ मिनिटं मागं. आमचे तात्या दहाच मिनिटं म्हणायचे, म्हणजे त्या मानानं समंजस.

एक गोष्ट मात्र मला जरा लागली. मिंटमधनं विंडोजचं सगळं दिसतं, माझे फोल्डर, पत्रिका, फोटो, सगळं उघडतं. विंडोजमधनं मिंटचं काही दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन बघितलं तर तिथं एक चौकोन आहे, जागा किती ते लिहिलंय, पण नाव नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही, आत कोण राहतं पत्ता नाही. कपाटाची पाठ नुसती. आणि त्याच्या शेजारी भाच्यानं वीसेक जीबी मोकळी सोडलेली, कुणाचीच नाही, वर काळी पट्टी. म्हणलं ही का वाया घालवलीस? म्हणला असू दे गं, पुढं कुणाला कमी पडली तर.

२००५ च्या पुरात प्लाय फुगलं. पाणी घरात चार फूट होतं, दोन्हीकडं चारच फूट, त्यात मात्र काही कमीजास्त झालं नाही. उतरल्यावर बघितलं तर पार्टिशन केळीच्या सालीसारखं सोलून आलेलं, अण्णांनी आणि तात्यांनी मिळून ते बाहेर ओढलं, गाळ काढला, आणि परत बसवायचं कुणी नावच काढलं नाही. पण तोवर आम्ही मुली लग्न होऊन गेलेल्या आणि आजी जाऊन बारा वर्षं झालेली. घर नंतर विकलं. कपाट घेणाऱ्यानं कापून बाहेर काढलं म्हणे. घड्याळ चुलतबहिणीकडं आहे कोथरूडला, चालत नाही, दाखवायला म्हणून हॉलमधे लावलंय. मागं गेले होते तेव्हा बघितलं तर काटे आठ वाजून दहा मिनिटांवर. अण्णांचे आठ दहा की तात्यांचे, म्हणजे खरे आठ, हे आता कुणाला विचारणार.

असो. चहा उतू गेला होता तो पुसला आणि कामाला बसले. कमांड आलीय फोनवर, टाकली नाही अजून. साडेपाच मिळवायचेत, त्यात काय, तसंही या वयात गुडघ्याला आणि डोक्याला थोडा व्यायाम पाहिजे.

काम म्हणजे पत्रिकाच. आमच्या धंद्यात घरं कुठं चिरलीत ते प्रूफवर आधी कळतं, नातेवाइकांना नंतर. निमंत्रकांची नावं कुठल्या क्रमानं, कुणाच्या मागं "श्री. व सौ." आणि कुणाच्या मागं नुसतंच "श्री.", कुणाचं नाव पहिल्या प्रूफला असतं आणि तिसऱ्याला नसतं. मी विचारत नाही. माझ्या स्वतःच्या पत्रिकेत तात्यांचं नाव होतं, अण्णांनी स्वतः लिहून दिलं होतं, अक्षर बघून मला कळलं होतं की दोनदा खोडून लिहिलंय.

साडेपाचच्या सुमाराला कवठेमहांकाळच्या पार्टीचा फोन आला. मुलीचे वडील. मागं घरात कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

"ताई, ते निमंत्रकात दुसऱ्या ओळीला आमच्या भावाचं नाव आहे बघा."

"आहे की."

"ते काढा तेवढं."

म्हणलं काढते. नाव सिलेक्ट केलं, डिलीट केलं. आता खालची नावं वर ओढून घ्यायची, नाहीतर मधे फट दिसते, एक सेकंदाचं काम. हात माउसवर होता. मग म्हणलं, राहू दे, छपाईला अजून दोन दिवस आहेत.

ओळ रिकामी ठेवून फाइल सेव्ह केली. तिच्यावर वेळ पडली बारा वाजून दोन मिनिटं.