तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोजेक्टला व्हॉट्सअ‍ॅप पुरेल का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे ग्रुप ठरले की हमखास विचारतात, "आम्ही चौघं आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर भागेल, की स्लॅक, डिस्कॉर्ड असं काही घ्यावं?"

बोलायला व्हॉट्सअ‍ॅपच ठेवा. ते चौघांच्याही फोनमध्ये आहे आणि दिवसभर उघडलं जातं. नवं अ‍ॅप घेतलं की आठवड्यात एखादा तिकडे फिरकेनासा होतो आणि मग त्याला निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरच द्यावा लागतो. शिवाय स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत. वर्षभर चालणाऱ्या प्रोजेक्टला ते कसं परवडेल?

पण व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त बोला. निर्णय आणि फाइल तिथे राहू देऊ नका, कारण घोळ नेमका तिथेच होतो. सेन्सर बदलायचं ठरलेला मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो आणि रिव्ह्यूच्या आदल्या रात्री दोघं जुन्याच सेन्सरचे आकडे घेऊन बसलेले असतात. सर्किटचा फोटो साधा पाठवला तर त्याचा आकार कमी होतो आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ग्रुपमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस' (ठरावीक काळाने मेसेज आपोआप पुसणारं सेटिंग) चालू नाही ना, तेही पहिल्याच दिवशी बघा.

निर्णयांसाठी एकच गूगल डॉक करा. त्यात चार रकाने पुरतात: तारीख, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. 'कोण'च्या रकान्यात एकच नाव लिहा. 'सगळे' लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही. डॉकची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. ती नुसती पिन करून भागत नाही, कारण पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो.

रिपोर्टही गूगल डॉकमध्येच, आणि प्रत्येकाने आपापल्या लॉगिनने लिहायचा. घरी वर्डमध्ये लिहून शेवटी एकाने सगळं चिकटवलं, तर आकृत्यांचे क्रमांक बिघडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे व्हर्जन हिस्टरीत (कुणी कधी काय बदललं याच्या नोंदीत) सगळं काम त्या एकाच्याच नावावर दिसतं. व्हायवाला "तुझा भाग कोणता?" असं विचारलं की बाकीच्या तिघांकडे दाखवायला काही नसतं. प्रत्येक रिव्ह्यूआधी त्या व्हर्जनला नाव द्या, म्हणजे 'फायनल', 'फायनल-२' अशा फाइलींची रांग लागत नाही. मराठीत प्रकल्प लिहिणाऱ्यांनी युनिकोडमध्येच टाइप करावं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डॉकमध्ये आणला की त्याची अगम्य रोमन अक्षरं होतात.

गाइड सरांना किंवा मॅडमना चॅट ग्रुपमध्ये घेऊ नका. मुलं मोकळेपणी बोलायची थांबतात. त्यांना रिपोर्टवर 'कमेंटर'चा (फक्त शेरे देण्याचा) हक्क द्या आणि आठवड्याला एक ईमेल पाठवा.

कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खाजगी रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) ठेवा. १०० एमबीहून मोठी फाइल तिथे जात नाही, म्हणून डेटासेट गूगल ड्राइव्हवर ठेवून त्याची लिंक रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये द्यावी.

मीटिंगला गूगल मीट घ्या. मोफत खात्यावर तिघं किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांत कॉल संपतो, झूमवर ४० मिनिटांत. आठवड्याला तेवढा वेळ खूप झाला. नेट कमी असेल तर व्हिडिओ बंद ठेवा आणि बोलणं चालू असतानाच एकाने डॉकमधले रकाने भरत जावेत. 'नंतर भरू' म्हटलं की ते राहतंच.

हे सगळं पक्कं करण्याआधी ग्रुपमधल्या सगळ्यात साध्या फोनवर डॉक उघडून त्यात एक ओळ लिहून पाहा. तिथे अडलं तर ते साधन बदला, त्या मुलाला नवीन फोन घ्यायला सांगू नका. आणि डॉक, ड्राइव्हवरच्या फाइली कॉलेजच्या ईमेलच्या खात्यावर असतील तर खातं बंद होण्याआधी सगळ्याची प्रत आपापल्या खात्यात काढून घ्या. नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रोजेक्ट दाखवायचा असतो.