हवेतली खरखर

आजोबांचा रेडिओ पुन्हा बोलायला लागला त्या संध्याकाळी मी घरभर फिरून दिवे मालवत होतो आणि बायको माझ्यामागून येऊन ते लावत होती.

वाडा पाडला तेव्हापासून तो माळ्यावर होता. कंपनीच्या नावाची पट्टी केव्हाच निखळलेली. आत्याच्या मते तो मर्फी, काकांच्या मते बुश, आणि दोघंही इतक्या खात्रीने सांगतात की मी आता विचारत नाही. स्पीकरच्या कापडात उंदरांनी आपला वाटा घेतला आहे. डायलच्या काचेवर मात्र, शॉर्टवेव्हच्या पट्टीत, एक लाल ठिपका अजून शाबूत आहे. आजीने मेणावर कुंकू चिकटवून केलेला. तिथे रेडिओ सिलोन लागायचं. १९५२च्या सुमारास आकाशवाणीवरून हिंदी सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि विविध भारती सुरू व्हायला ३ ऑक्टोबर १९५७ उजाडावं लागलं. मधली वर्षं आजीने त्या ठिपक्यावर काढली. आजोबा बातम्यांपुरते मालक. पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सचे पैसे भरणं एवढं मात्र न चुकता त्यांच्याकडे.

पुण्याच्या तापकीर गल्लीत, दिव्यांच्या माळा विकणाऱ्या दुकानांच्या वर, एक म्हातारे मेकॅनिक बसतात असं कळलं. रेडिओ रिक्षात मांडीवर घेऊन गेलो.

"प्लगात घालून पाहिलात?"

"नाही."

"मग वाचला."

त्यांनी रेडिओच्या आधी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि रेडिओ जळायचा राहतो. पेटलाच. मग मागचं पुठ्ठ्याचं झाकण निघालं ते चार रविवार लागलं नाही.

मेणकागदाचे कंडेन्सर वर्षानुवर्षं ओल पितात आणि गळू लागतात. त्यातला एक फार नाजूक जागी असतो. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं डीसी अडवायचं आणि नुसतं गाणं पुढे ईएल ४१ या स्पीकर हलवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला सोडायचं, एवढंच त्याचं काम. तो गळला की ग्रिडवर नको तो धन दाब चढतो, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि भाजून निघतो. मेकॅनिककाकांकडे कुठलाही रेडिओ येवो, ते हा चिमुकला कंडेन्सर आधी कापून टाकतात, तपासतही नाहीत. सोल्डरिंग मी केलं, शिव्या त्यांनी दिल्या. "डावा हात खिशात," हे त्यांचं पालुपद. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो. प्लग काढल्यावरही फिल्टरचे कंडेन्सर चार्ज धरून बसतात, हे त्यांनी पहिल्या रविवारी सांगितलं. मला पटलं तिसऱ्या रविवारी.

डायलचा दोरा ओवण्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ज्याने ओवलाय त्याला माहीत आहे.

शेवटी बटण फिरवलं. आधी काहीच नाही, मग तापलेल्या धुळीचा आणि जुन्या लाकडाचा वास, मग स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा, अंधारातून हळूहळू उजळणारा तो हिरवा डोळा. स्पीकर गुरगुरला. "चालतोय," काका म्हणाले. "घरी एरियल बांधा."

हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणली. काटा ७९२ किलोहर्ट्झवर, पुणे केंद्रावर आणला. आणि आली ती खरखर. भट्टीत शेंगदाणे भाजावेत तशी, आणि तिच्या तळाशी कुठेतरी एक बाई बातम्या सांगत होत्या.

मी परत मागचं झाकण काढणार, तेवढ्यात मुलाने मोबाइलचा चार्जर भिंतीतून उपटला आणि बातम्या एक पायरी वर आल्या. चार्जर, एलईडीचे दिवे, वायफायचा डबा, सगळ्यांच्या पोटात एक चिमुकलं सर्किट विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत असतं. त्याचे शिंतोडे नेमके मीडियमवेव्हवर उडतात. आणि हा बिचारा लहरीच्या उंचीवरून आवाज ओळखणारा. त्याला बातमी आणि ठिणगी सारखीच. रेडिओ मी दुरुस्त केला, हवा कशी करू?

मग शोध सुरू झाला. सर्वांत मोठा गुन्हेगार देवघरातली रंग बदलणारी माळ निघाली. ती काढायला आईची परवानगी मिळाली नाही. रात्री आठनंतर बंद ठेवण्यावर तडजोड झाली. हॉलमध्ये मी काकांकडचा एक पिवळा बल्ब आणून लावला आहे, रेडिओला चालतो असा तो घरातला एकमेव दिवा. पण शेजाऱ्यांचं काय करणार? लाइट गेल्यावर हवा कशी निर्मळ होत असेल, असं मनात यायचं. पण तेव्हा हाही गप्प.

परवा रात्री जेवणं झाल्यावर बिल्डिंगचे तीनपैकी दोन फेज गेले. आमचा राहिला. लिफ्ट थांबली, जिना काळोखात गेला, आणि कुणीतरी नळ बंद करावा तशी खरखर थांबली. तंबोरा सुरू होता. गाणाऱ्या बाई समेवर यायच्या आधी श्वास घेत होत्या तोही ऐकू आला. मी घाईने पिवळा बल्बसुद्धा घालवला. त्याची काही गरज नव्हती.

दारावर थाप पडली. बायकोने दार उघडलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ टॉर्च घेऊन उभे.

"तुमच्याकडे आहेत का हो लाइट?"

तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "नाहीत," म्हणाली.

ते तिच्या खांद्यावरून आत, त्या हिरव्या डोळ्याकडे बघत राहिले. "मग हे काय गातंय?"