शंभर किलोंच्या पुढचं वजन आणि काइटबोर्डचं माप

माझं वजन १०२ किलो आहे. सावद्याला केळीच्या व्यवहारात असल्यामुळे काटा रोज समोरच असतो. केळी मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर स्वतः उभा राहिलो, म्हणून आकडा पक्का सांगतोय. काइटबोर्डिंग शिकायचं मनात असेल तर जड माणसाने सगळ्यात आधी हेच करावं. घरातल्या जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर विसंबू नये आणि मनाने दोन-चार किलो वजा करू नयेत. बोर्ड केवढा घ्यायचा, काइट किती मीटरची (म्हणजे चौरस मीटर क्षेत्रफळाची) लावायची, हा सगळा हिशेब वजनापासून सुरू होतो. पाण्यात उतरताना हार्नेस, जॅकेट आणि ओल्या कपड्यांचे आणखी काही किलो चढतात ते वेगळेच.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काइट म्हणजे कडांमध्ये हवा भरलेला मोठा पतंग. त्याच्या वीसेक मीटर लांबीच्या दोऱ्या हातातल्या दांडीला बांधलेल्या असतात आणि दांडी कमरेच्या हार्नेसला अडकवलेली असते. पाय बोर्डवरच्या पट्ट्यांत. वारा ओढतो, बोर्ड पाण्यावर येतो आणि आपण घसरत जातो.

वारा खानदेशाला नवा नाही. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडच्या केळीबागा कशा आडव्या होतात ते आम्ही दरवर्षी बघतो. पण तो वारा काइटच्या कामाचा नाही. काइटला एका दिशेने, एका जोराने वाहणारा वारा लागतो. हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पाणी भरपूर आहे, पण वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून तिथे काही करायचा विचारच केला नाही. खोडवा काढून मोकळ्या झालेल्या रानात संध्याकाळी भाच्याला सोबत घेऊन ३ मीटरची सरावाची काइट मात्र उडवली. बांधावरून बघणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, "तुह्या वजनाले वढीन का हे, भो?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. पुढे सगळा अभ्यास त्या एका प्रश्नाभोवतीच झाला.

शिकायला रामेश्वरमला गेलो. बेटाच्या एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. उन्हाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, हिवाळ्यात ईशान्येकडून. किनाऱ्याला सपाट, उथळ पाणी मिळतं. नवख्याला आणखी काय हवं? भुसावळहून चेन्नई आणि पुढे रात्रीची गाडी, असा प्रवास लांबचा आहे, पण सोपा.

शिकवणाऱ्यांकडे जे बोर्ड होते त्यांतला मला मिळाला तो १३८ × ४२. म्हणजे लांबी १३८ सेंटीमीटर, रुंदी ४२. साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाला हे माप छान चालतं, आणि बहुतेक शिकाऊ त्याच वजनाचे असतात. मला त्यावर उभं राहताच येईना. पाण्यात बसायचं, पाय पट्ट्यांत घालायचे, काइट डोक्यावर स्थिर करायची, मग ती एका बाजूला झपकन खाली आणायची म्हणजे ओढ मिळते. ओढ मिळायची, मी अर्धा वर यायचो, बोर्डची पुढची कड पाणी नांगरायला लागायची, मांड्या थरथरायच्या आणि मागचा पाय बुडायचा. शिकवणारा म्हणाला, काइट मोठी लावू. मी म्हटलं, आधी बोर्ड मोठा द्या. आमच्याच तुकडीतल्या एकाचा स्वतःचा १५० × ४५ होता, त्याने तो हातात ठेवला. वारा तोच, काइट तीच. पहिल्या ओढीला वर आलो. पायाखालचा पाण्याचा खळखळाट थांबला आणि सर्र असा एकसारखा आवाज सुरू झाला. बोर्ड पाण्यातून निघून पाण्यावर आला की हाच आवाज येतो. काही क्षणच टिकलो, पण उत्तर मिळालं होतं.

यामागचं कारण शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. काळ्या ओल्या रानात अरुंद टायरचा ट्रॅक्टर रुततो, रुंद टायरचा निघून जातो. आकड्यांत बघा. १३८ × ४२ म्हणजे ५७९६ चौरस सेंटीमीटर. १५० × ४५ म्हणजे ६७५०. कोपरे गोल असल्यामुळे खरं क्षेत्रफळ थोडं कमी भरतं, पण तुलनेला एवढं पुरे. सोळा टक्के जास्त. मग मला सुचलं की पंच्याहत्तर किलोच्या माणसाला किलोमागे जेवढी जागा मिळते तेवढी मला हवी असेल तर काय? हिशेब १६५ × ४८ च्या आसपास गेला. एवढे बोर्ड असतात, पण ते अगदी कमी वाऱ्यासाठी. आणि तेवढी जागा लागतही नाही, कारण पाण्याचा उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. जागा थोडी कमी असली तरी सात-आठ टक्के जास्त वेगात ती भरून निघते. म्हणून शंभर किलोच्या नवख्याला १४५ ते १५५ लांबी आणि ४४ ते ४६ रुंदी हे माप बसतं.

दोन्हींत रुंदीकडे आधी बघावं असं माझं ठाम मत आहे. लांबी वाढली की बोर्ड सरळ रेषेत छान धरतो, पण लवकर वर आणते ती रुंदी. उलट फार रुंद बोर्ड वारा वाढला की त्रास देतो. टाचेने कड पाण्यात दाबून काइटची ओढ रोखायची असते. ४८ रुंदीच्या बोर्डची कड दाबायला घोट्याला फार जोर लागतो आणि खडबडीत पाण्यावर तो पाय झटकत राहतो. माझं शिकणं १५ ते २० नॉटच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी साधारण २८ ते ३७ किलोमीटरमध्ये होणार होतं. त्यात १६० च्या पुढे जायची गरज नव्हती.

कोणी फारसं सांगत नाही ती गोष्ट कडकपणाची. पातळ, लवचीक बोर्ड हलक्या माणसाच्या गुडघ्यांना सुखाचा असतो. आमच्या वजनाखाली तो मधोमध वाकतो आणि मग मोठं माप घेऊनही फायदा हातचा जातो. बोर्डचं एक टोक जमिनीवर टेकवून, दुसरं हातात धरून मध्यावर गुडघा दाबून बघा, सहज वाकला तर सोडून द्या. तसंच त्याचा बाक. बोर्ड सपाट फरशीवर ठेवला की टोकं किती उचललेली दिसतात ते पाहायचं. बाक कमी असेल तर बोर्ड लवकर पाण्यावर येतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेला चढायला मदत करतो. नवखे वाऱ्याबरोबर वाहत जातात आणि बोर्ड खांद्यावर घेऊन किनाऱ्याने परत चालत येतात. उन्हात ती पायपीट जड माणसाला जास्त दमवते.

बोर्ड आणि काइट वेगवेगळे ठरवू नयेत, यावर मी अडून बसलो ते जिवाच्या काळजीने. काइटचा ढोबळ हिशेब असा: वजनाला वाऱ्याच्या नॉटनी भागायचं आणि २.२ ने गुणायचं. माझ्यासाठी १६ नॉटला १४ मीटर येते. पंच्याहत्तर किलोवाल्याला दहाच्या थोडी वर. जड शिकाऊ उठत नाही म्हणून याहून मोठी काइट द्यायची हा सोपा उपाय वाटतो, पण झोत आला किंवा हात चुकला तर तीच काइट माणसाला फरफटत नेते. बोर्ड पुरेसा असेल तर हिशेबातल्याच काइटवर, कधी त्याहून लहान काइटवरही काम होतं. नवख्याला बळ वाढवायचंच असेल तर ते पायाखाली वाढवावं.

बोर्ड मी जुनाच घेतला, १५० × ४५, कमी बाकाचा, कडक. विकत घेताना बोटाच्या पेरांनी सगळीकडे टकटक करून पाहिलं. आतले थर सुटलेले असतील तर तिथे आवाज बद्द येतो. कडांना चीर नाही ना, पट्टे आवळायच्या स्क्रूंची भोकं झिजलेली नाहीत ना, हेही पाहिलं. माझा पाय रुंद आहे, त्यामुळे पट्टा पूर्ण सैल करून ओला पाय आत जातो का ते तिथेच करून बघितलं. दोन पायांतलं अंतर खांद्यांपेक्षा किंचित जास्त ठेवून पट्टे लावले. परत येताना बोर्ड चादरीत गुंडाळून गाडीत बर्थखाली सरकवला.

आपल्याकडून कोणी जाणार असेल आणि वजन नव्वदच्या वर असेल, तर पैसे भरायच्या आधी फोनवर वजन खरं सांगा आणि दोन गोष्टी विचारा: तुमच्याकडचा सगळ्यात रुंद बोर्ड कितीचा, आणि माझ्या वजनाला पुरेल अशी काइट आहे का? उत्तर सेंटीमीटर आणि मीटरमध्ये मिळालं पाहिजे. "हो जाएगा सर" असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.