आम्ही नावं खोडायचो

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, ब्लेड अजून माझ्या खणात आहे. दाढीचं ब्लेड अर्धं मोडून, मागे पुठ्ठ्याच्या तुकड्याची मूठ चिकटवलेली. जुनं पुस्तक विकायला बाहेर मांडण्याआधी त्यावरचं मूळ मालकाचं नाव खरवडायला ते वापरायचे. कागद कोरडा हवा, ब्लेड जवळजवळ आडवं, आणि खरवडून झालं की जागेवर नखाची पाठ घासायची, म्हणजे उठलेला कागदाचा लव बसतो. मीही चौदाव्या वर्षी हे शिकलो. आमच्या धंद्याची गोष्ट सांगायची तर ती या ब्लेडवरूनच सांगावी लागेल.

अण्णा एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात बारा वर्षं होते. १९७८ साली त्यांनी नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या ओसरीवर स्वतःचं काम सुरू केलं. हाताने चाक फिरवायचं कटिंग मशीन जुन्या बाजारातून आणलं, दाब द्यायचा शिकंजा एका मिस्त्रीकडून करून घेतला. खळ घरीच शिजायची, मैद्याची, कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. आईने त्या पातेल्याला कधी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. शाळांची हजेरीपत्रकं, वकिलांचे निकालांचे खंड, वाचनालयांचे मासिकांचे वार्षिक गठ्ठे असं काम असायचं. एप्रिल-मे म्हणजे थिसिस: काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, आणि उद्या सकाळी जमा करायचाय म्हणून दारात बसलेला उमेदवार. या थिसिसांनी आमचं घर चालवलं. पुढे विद्यापीठांना सीडी चालायला लागली आणि ते काम आटलं. असो.

जुनी पुस्तकं आमच्याकडे आली ती वाडे पडायला लागले तेव्हा. माळ्यावरच्या ट्रंका निघायच्या, रद्दीवाला किलोवर घ्यायचा, आणि बरं दिसेल ते आधी अण्णांकडे आणायचा. अण्णा ते उसवायचे, नव्याने जुजबंदी शिवायचे, म्हणजे घड्या घातलेले कागद दोऱ्याने एकत्र ओवायचे, कडा कापून सरळ करायचे, नवं कापडी बाइंडिंग चढवायचे. पुस्तक नव्यासारखं दिसायचं आणि पाचपट भावाने जायचं. नव्यासारखं दिसण्यात नाव खोडणं आलंच. शाई खोल गेली असेल तर ब्लीचिंग पावडरचं पाणी बोळ्याने लावायचं, शिक्का मोठा असेल तर वर पांढरा कागद डकवायचा. गिऱ्हाईकाला दुसऱ्याचं नाव असलेलं पुस्तक नको असायचं. कुणी म्हणायचं, चोरीचं तर नाही ना? कुणाला मेलेल्या माणसाचं नाव घरात नको. दोन्ही प्रश्नांवर ब्लेड हेच उत्तर.

१९९६ साली सातारा जिल्ह्यातले एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या घरातल्या जुन्या शिळाछापाच्या पंचांगांचा गठ्ठा घेऊन आले. कडा फाटल्या होत्या, वाळवीने दोन-तीन ठिकाणी बोगदे केले होते. अण्णांनी नेहमीसारखं काम केलं. तिन्ही बाजूंनी कटिंग, फार नाही, दोन-तीन सूत. गृहस्थ न्यायला आले तेव्हा मी गल्ल्यावर होतो. त्यांनी एक पंचांग उघडलं, समासावरून बोट खाली नेलं, आणि बोट एका ठिकाणी थांबलं. तिथे मोडीत काहीतरी लिहिलेलं होतं, त्याची अर्धी अक्षरं आमच्या मशीनने नेली होती. त्यांच्या घरात जन्म-मृत्यू पंचांगाच्या समासात टिपायची पद्धत होती. ते चिडले नाहीत. "अण्णा, माझ्या आजीचा जन्म कापलात," एवढंच म्हणाले, ठरलेले पैसे मोजून दिले आणि गेले. कापलेल्या पट्ट्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. अण्णा त्या दिवशी जेवायला घरी आले नाहीत.

माझ्या डोक्यातून ते बोट गेलं नाही. बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात पूर्णवेळ बसायला लागलो, मग कागद जपण्याचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन आलो. जपानी कागदाने फाट कशी सांधायची, खळ कशी लावायची की पन्नास वर्षांनी पुन्हा सोडवता येईल, हे तिथे शिकलो. पण नावांबद्दल डोळे उघडले ते दुसऱ्याच कारणाने. आमचे एक गिऱ्हाईक, कॉलेजात इतिहास शिकवणारे, यांनी मला गुटेनबर्गच्या बायबलाच्या एका प्रतीबद्दलच्या लेखांच्या झेरॉक्स बांधायला दिल्या. बांधता बांधता वाचल्या. धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याचा माल पाहावा तसं वाचलं.

गुटेनबर्गने जर्मनीतल्या माइंट्स शहरात १४५५ च्या सुमारास अक्षरांचे खिळे जुळवून लॅटिन बायबल छापलं. पानावर दोन रकाने, रकान्यात बहुतेक ४२ ओळी. दीडशे ते एकशेऐंशी प्रती निघाल्या असाव्यात, आज कमी-जास्त मिळून पन्नासच्या आत उरल्यात. त्यातली ही एक, फक्त पहिला खंड, ३२४ पानं (दोन्ही बाजू धरून ६४८ पृष्ठं), लाकडी फळ्यांवर वासराचं कातडं चढवून त्याच काळात बांधलेली. म्हणजे साडेपाचशे वर्षांत कुणा अण्णाच्या हाती लागली नाही, हे पहिलं नशीब.

१८३६ साली आर्चिबाल्ड अॅचेसन यांनी ती ४५ पौंडांना घेतली. हे पुढे गॉसफर्डचे तिसरे अर्ल झाले, घराणं आयर्लंडचं. त्यांच्यामागे ग्रंथालय मोडीत निघालं आणि १८८४ मध्ये ही प्रत ६०० पौंडांना विल्यम टायसन-अॅम्हर्स्ट यांच्याकडे गेली. हे इंग्लंडमधले जमीनदार, पुढे लॉर्ड. त्यांना इजिप्तच्या वस्तूंचाही नाद. तूतनखामेनची कबर शोधणारा हॉवर्ड कार्टर पोरवयात यांच्याच वाड्यातला संग्रह बघून त्या विषयाला लागला. पण व्यवहार ज्या वकिलाच्या भरवशावर सोडला होता त्याने घर बुडवलं, आणि म्हाताऱ्या अॅम्हर्स्टना पुस्तकं विकायला काढावी लागली. १९०८ च्या डिसेंबरात हे बायबल २,०५० पौंडांना गेलं. पुढच्याच महिन्यात ते वारले. माळ्यावरच्या ट्रंका बाहेर पडताना मी काही म्हातारे पाहिलेत, त्यामुळे हा भाग मला परका वाटला नाही.

घेणारे होते डायसन पेरिन्स, वूस्टरशायर सॉसवाले. या सॉसमध्ये चिंच असते. म्हणजे चिंचेच्या पैशातून गुटेनबर्ग! अण्णांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. पेरिन्सनी ती जवळजवळ चाळीस वर्षं ठेवली आणि १९४७ साली विकली, कारण त्यांच्या वूस्टरच्या चिनी मातीच्या कारखान्याला पैसे हवे होते. किंमत २२,००० पौंड. त्या लिलावात कॅलिफोर्नियाच्या एस्टेल डोहेनी या बाईंना ती हुकली. नवऱ्याचा तेलविहिरींचा पैसा होता, हौस वर्षानुवर्षांची होती. शेवटी १९५० मध्ये ७०,०९३ डॉलर देऊन त्यांनी ती मिळवली. तोवर त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. ज्या पुस्तकासाठी जन्मभर थांबल्या ते हाताने चाचपूनच पाहावं लागलं असेल.

१९५८ मध्ये त्या वारल्या. बायबल त्यांनी दिलं होतं कॅमरिलोच्या सेमिनरीला, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेला. तिथे असताना ते काही काळ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेलं आणि किरणांच्या झोताखाली शाई तपासली गेली. शाईत तांबं आणि शिसं भरपूर सापडलं. ती आजही एवढी काळीभोर का दिसते, ते तेव्हा उलगडलं. २२ ऑक्टोबर १९८७ ला न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि जपानच्या मारुझेन या पुस्तकांच्या कंपनीने कमिशनसकट सुमारे ५३ लाख ९० हजार डॉलर मोजले. छापील पुस्तकाला तोवर एवढी किंमत आली नव्हती. १९९६ पासून ती टोकियोच्या केइओ विद्यापीठात आहे, आणि तिथे तिची पानन् पान छायाचित्रं झाली आहेत.

हा सगळा हिशेब मी अण्णांना दोन संध्याकाळी सांगितला. १८३६ पासून कोणत्या साली कुणाकडे, किती पैशाला, का विकलं, सगळं ठाऊक असलेलं पुस्तक आमच्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं. आणि ठाऊक का, तर कुणी नाव खोडलं नाही म्हणून. संग्राहकांनी आपली चिठ्ठी लावली आणि आधीची राहू दिली.

अण्णा म्हणाले, "त्यांच्याकडे लॉर्ड होते. आपल्याकडे कुलकर्णी-जोशी. त्यांचं नाव राखलं तर चार आणे जास्त कोण देतो?"

खरं सांगायचं तर ते चूक नव्हते. शंभरातल्या नव्वद पुस्तकांना जुन्या नावाने एक रुपया चढत नाही, आजही नाही. जो म्हणतो चढतो, त्याने पुण्यात दुकान चालवून दाखवावं. पण मग मी त्यांना समासाची गोष्ट सांगितली, गोव्यातली. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापलं. हा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही वैद्य म्हणून जायचा, आणि मुंबई बेट पोर्तुगिजांकडून खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने, त्याच्याकडे होतं. छपाई भयानक, चुकांची यादीच पानंच्या पानं. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पोर्तुगालच्या प्रवासात त्याची एक प्रत मिळाली. त्याने ती वाचता वाचता स्वतःच्या टिपांनी भरली आणि १५६७ मध्ये लॅटिनमध्ये सार छापलं. युरोपाने ओर्ताला वाचलं ते मुख्यतः त्यातूनच. क्लुसियसची ती टिपांची प्रत आज केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. आमच्या कटिंग मशीनखाली आली असती तर?

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीनच्या पात्याला कापड गुंडाळलं आणि जुन्या पुस्तकासाठी ते पुन्हा सोडलं नाही. माझ्याशी या विषयावर नंतरही कधी बोलले नाहीत.

तिथून कामाची पद्धत बदलली. आम्ही जुन्या पुस्तकाबरोबर एक कागद देतो, त्याला मालकीपत्रक म्हणतो. सही, शिक्का, बक्षिसाची चिठ्ठी, पेन्सिलीतली किंमत, दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, आणि कुठून आलं तेही. गेल्या वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आली. पुठ्ठ्याच्या आत शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, नाव मोडीत. नामपृष्ठावर जांभळ्या शाईचा एका वकिलाचा शिक्का. शेवटच्या पानावर पोरकट अक्षरात "हे पुस्तक माझे असे, चोरील त्याचे हात झडतील". आणि 'क' च्या पानांत चपटं झालेलं केवड्याचं पात, ज्याचा डाग समोरच्या पानावर उमटलाय. पत्रकाला दीड पान लागलं. पुस्तक घेणाऱ्याने आधी पत्रक वाचलं, मग कोश उघडला.

याचा तोटाही झाला. वाचनालयाचा शिक्का आहे पण बाद केल्याचा शिक्का नाही, असं पुस्तक आम्ही घेत नाही. एकदा संपूर्ण कपाटभर सौदा त्यामुळे सोडला, तो समोरच्या गल्लीत गेला आणि तिथे शिक्क्यांवर पांढरे कागद चढले. मला ते कागद ओळखू येतात, ती युक्ती आमचीच. परदेशातून विचारणा येते तेव्हा १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित असं सहज देशाबाहेर धाडता येत नाही. काही गिऱ्हाईकं एवढ्यावरून रागावतात. दुकान आज तीन माणसांवर चालतं, अर्धं उत्पन्न अजूनही कंपन्यांच्या डायऱ्या आणि वहीखात्यांचं आहे. मालकीपत्रकावर घर चालत नाही.

अण्णा २०११ मध्ये गेले. मागच्या पावसाळ्यात रद्दीवाल्याने एक गाथा आणली. बाइंडिंग बघताच कळलं, आपलंच. मागच्या पुठ्ठ्याच्या आत कोपऱ्यात अण्णांची बोटाच्या पेराएवढी बाइंडरची चिठ्ठी होती. पहिल्या पानावर, वरच्या उजव्या बाजूला, कागद जरा पातळ लागला. दुकानातला दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी पानाला तिरपी धरली. खरवडलेल्या जागेत बोरूचा दाब राहिला होता. पहिलं नाव गेलं होतं, मग "बाळकृष्ण" वाचता आलं, आडनावाचं फक्त शेवटचं "कर".

पत्रकात लिहिलं: पहिल्या पानावर मालकाचं नाव, बोरूने, "— बाळकृष्ण —कर". नाव खरवडलेलं. खरवडणारे: आम्ही.